खांद्यावर माकड, डोळा घड्याळावर

हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. डिसेंबरच्या सुट्टीत न्यू जर्सीतल्या मावशीने नाहीतर ह्यूस्टनच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला. आई, बाबा, दोन मुलं, सोबत भारतातून गेलेली आजी. सगळ्यांच्या छातीवर एकाच नंबरचे स्टिकर. मागे दाट झाडी. धाकट्याच्या खांद्यावर पांढऱ्या तोंडाचं माकड. मुलगा हसतोय, पण मान आखडून. बाबा कॅमेऱ्याकडे बघतायत, आई मुलाकडे, आणि माकड भलतीकडेच. खाली ओळ: ‘रोआटान, होंडुरास. क्रूझचा बेस्ट दिवस!’ आपण अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो.

या लेखात जरा तिथेच थांबू या. कारण हा फोटो एका कुटुंबाचा राहिलेला नाही. कॅरिबियनमध्ये जहाज लागलं की त्या दिवशी तो अनेक बेटांवर, अनेक कुटुंबांचा, जवळपास याच चौकटीत निघतो. ज्याची सुरुवात, मध्य आणि शेवट ठरलेला आहे, ज्यात पात्रं बदलतात पण भूमिका बदलत नाहीत, त्याला आपण साहित्यात प्रकार म्हणतो. मग क्रूझमधली ही प्राणी-पार्कची सहल हाही एक प्रकार मानून तिची समीक्षा करायला काय हरकत आहे?

सोबतीला चार लेखक घेतो: जॉन बर्जर, जमेका किंकेड, डेरेक वॉलकॉट आणि डेव्हिड फॉस्टर वॉलेस. चौघांनी या फोटोच्या चार कोपऱ्यांवर मूलभूत काहीतरी लिहिलं आहे. पण फोटोच्या मधोमध जो उभा आहे, तो खांदा आखडलेला मुलगा, त्याच्याशी चौघांपैकी कुणीच नीट बोललेलं नाही. असं का, आणि त्याने काय बिघडलं, हा माझा प्रश्न आहे.

कथानक ठरलेलं

आधी जागा समजून घेऊ. रोआटान हे होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोरच्या बे आयलंड्समधलं सगळ्यात मोठं बेट. लांबट, चिंचोळं, भोवती प्रवाळाची रांग. ही रांग जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या प्रवाळभिंतीचा भाग आहे. क्रूझ जहाजं इथे दोन ठिकाणी लागतात: जुन्या कॉक्सन होल गावाशी, आणि खास क्रूझसाठी बांधून २००९ साली महॉगनी बे या नावाने सुरू झालेल्या बंदरात. कॉक्सन होल हे नावसुद्धा सतराव्या शतकातल्या जॉन कॉक्सन नावाच्या चाच्यावरून आलेलं.

जहाज सकाळी लागतं, दुपार कलली की सुटतं. मधल्या काही तासांत बेट ‘करायचं’ असतं. बेटाच्या पश्चिम टोकाला वेस्ट बेजवळ गुंबालिंबा नावाचं प्रसिद्ध पार्क आहे. तिथे झाडांमधून जाणारी वाट आहे, झुलता पूल आहे, झिपलाइन आहे, लाल-निळे मकाव पोपट आहेत, चाचेगिरीचा इतिहास मांडलेली गुहा आहे, आणि अंगावर येणारी माकडं आहेत. अशी पार्कं इतर बेटांवरही आहेत, त्यामुळे मी जे म्हणणार आहे ते या एका पार्काबद्दल नाही. मला रस आहे तो क्रमात. बस, गाइडचे विनोद, वाट, पूल, पोपट, माकड, फोटो, दुकान, बस. प्रत्येक गोष्टीला मोजकी मिनिटं. या कथानकाचा नायक माकड नाही आणि कुटुंबही नाही. नायक आहे घड्याळ. जहाज कुणासाठी थांबत नाही, ही भीती पूर्ण वेळ पाठीशी असते. ‘जवळून बघणं’ म्हणजे ‘हात लावणं’ हे समीकरण त्यातूनच तयार होतं. जंगलात प्राणी दिसायला वेळ द्यावा लागतो, तो नाही. म्हणून प्राण्यालाच वेळेवर यायला शिकवायचं.

आता रंगमंचावर कोण आहे ते बघा. पांढऱ्या तोंडाचं कापुचिन माकड होंडुरासच्या मुख्य भूमीवरच्या जंगलांचं. रोआटानचं ते मूळचं नाही. ज्या स्लॉथसोबत फोटो काढायला लोक या बेटावर येतात, तोही इथला नाही. आणि या बेटाचे जे खरे रहिवासी, ते फोटोत सहसा नसतात. रोआटानचा अगूटी, म्हणजे सशाएवढा, लाजाळू कृंतक प्राणी, आणि काटेरी शेपटीचा रोआटान इग्वाना. हे दोघं जगात फक्त इथेच सापडतात आणि दोघंही धोक्यात आहेत. पण ते खांद्यावर बसत नाहीत, मग त्यांचा फोटो कोण काढणार?

माणसांचंही तसंच. गुहेत चाचे आहेत, कारण चाचे सिनेमातून सगळ्यांच्या ओळखीचे. पण बेटाच्या दुसऱ्या बाजूला पुंता गोर्दा नावाचं गाव आहे. १७९७ साली इंग्रजांनी सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या गारिफुना लोकांचा पराभव करून त्यांना जहाजांत भरलं आणि रोआटानला आणून सोडलं. हे आफ्रिकी आणि कॅरिब रक्ताचे लोक. त्यांनी ते गाव वसवलं. त्यांची भाषा, नाच आणि संगीत यांना युनेस्कोने २००१ साली मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवलं. त्या गावापर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून माकडाच्या सहलीत ते गाव येत नाही. घड्याळाने ठरवलेला हा इतिहास आहे.

बर्जर: माकड कुठे बघतं?

फोटोतलं माकड भलतीकडे बघत असतं, असं मी वर म्हटलं. या एका निरीक्षणावर जॉन बर्जरने सत्तरच्या दशकात एक निबंध उभा केला. ‘व्हाय लुक अ‍ॅट अ‍ॅनिमल्स?’ हा त्याचा निबंध ‘अबाउट लुकिंग’ या १९८०च्या संग्रहात आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हजारो वर्षं माणूस आणि जनावर एकमेकांकडे बघत आले. त्या नजरेत भीती होती, ओळख होती, अनोळख होती. कारखान्यांचं जग आलं तसा प्राणी रोजच्या जगण्यातून हद्दपार झाला, आणि त्याच काळात सार्वजनिक प्राणिसंग्रहालयं उभी राहिली. तिथे माणूस प्राण्याकडे बघतो, पण प्राणी माणसाला आरपार बघतो, कडेला बघतो. ती जुनी नजरानजर पुन्हा जुळत नाही.

यावर पार्कवाला म्हणेल, इथे पिंजरा कुठे आहे? माकड स्वतःहून खांद्यावर येतं! मला वाटतं बर्जरचा मुद्दा इथे संपत नाही, आणखी टोकदार होतो. पिंजऱ्यातला प्राणी निदान पाठ फिरवून बसू शकतो. खांद्यावरचं माकड खाऊसाठी येतं, वजनाएवढा वेळ बसतं आणि पुढच्या खांद्यावर जातं. त्याला तुमच्यात रस नाही, खांद्यात आहे. दिवसातून किती खांदे, याचा हिशोब ते ठेवत नसेल, आपण ठेवायला हवा. कापुचिन बंदिस्त अवस्थेत पन्नास वर्षांपर्यंतही जगल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आज सहा वर्षांचा असलेला हा मुलगा मोठा होऊन स्वतःची मुलं घेऊन इथे आला, तर कदाचित तेच माकड त्यांच्याही खांद्यावर बसेल. त्याच्यासाठी तो ‘बेस्ट दिवस’ दुसऱ्यांदा आलेला असेल. माकडासाठी मधले सगळे दिवस तसलेच.

स्लॉथचं तर आणखी अवघड. त्याच्या तोंडाची ठेवणच हसऱ्या चेहऱ्याची. तो घाबरला तरी हसतोय असंच वाटतं. आणि पळून जायचा वेग त्याच्याकडे नाही. सेल्फीसाठी याहून सोयीचा प्राणी सापडणार नाही आणि तेच त्याचं दुर्दैव. २०१७च्या डिसेंबरमध्ये इन्स्टाग्रामने प्राण्यांसोबतच्या सेल्फीचे हॅशटॅग शोधणाऱ्यांना इशारा दाखवायला सुरुवात केली, ती याच काळजीतून.

बर्जरने या चौघांत मुलाकडे सगळ्यात जास्त लक्ष दिलं आहे. मोठी माणसं मुलांना प्राणिसंग्रहालयात नेतात ते खेळण्यांतल्या प्राण्यांचे मूळ नमुने दाखवायला, आणि मुलं अनेकदा हिरमुसतात, कारण प्राणी हलत नाही, दिसत नाही, असं त्याने नोंदवलं आहे. पण बर्जर त्या हिरमुसण्यातून लगेच आपल्या सिद्धांताकडे वळतो. मुलाला घरी जाताना काय वाटलं, ते तो विचारत नाही. आणि क्रूझवरच्या पार्कांनी तर हिरमुसण्यावर तोडगाच काढलाय: माकड हलतं, दिसतं, अंगावर येतं. मूल खूश होतं. बर्जरकडे हिरमुसलेल्या मुलासाठी निबंध आहे. खूश झालेल्या मुलाचं काय करायचं?

किंकेड: ‘यू’चं मराठी काय?

जमेका किंकेड अँटिग्वाची. तिचं ‘अ स्मॉल प्लेस’ हे छोटं पुस्तक १९८८ सालचं, एका बैठकीत वाचून होईल एवढं. तुम्ही अँटिग्वाला पर्यटक म्हणून जाल तर काय बघाल, अशी त्याची सुरुवात आहे. मग ती वाचकाला विमानतळापासून हॉटेलपर्यंत टॅक्सीने नेते आणि खिडकीबाहेरच्या प्रत्येक दृश्यामागे काय आहे ते सांगत जाते. ही गाडी इतकी महाग का, त्या बंगल्याचा मालक कोण, समुद्रात सोडलेलं सांडपाणी कुठे जातं. १९७४च्या भूकंपात पडझड झालेलं ग्रंथालय इतकी वर्षं दुरुस्त का झालं नाही, हा तिच्या रागाचा सगळ्यात हळवा कोपरा. पर्यटकाला कुरूप ठरवणारं इतकं धारदार पुस्तक माझ्या वाचनात दुसरं नाही.

मराठी प्रवासवर्णनाला प्रवाशाची थट्टा नवी नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’पासून (१९६०) ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पण तिथे थट्टा प्रवासी स्वतःचीच करतो. किंकेडकडे ती यजमान करतो, आणि ती थट्टा राहत नाही, फिर्याद होते.

या पुस्तकाचं सगळं बळ एका सर्वनामात आहे: ‘यू’. इंग्रजीत हा एकच शब्द. मराठीत आणायचा म्हटला की तीन दरवाजे उघडतात आणि कुठल्याही एकातून गेलं तरी काहीतरी बाहेर राहतं. ‘तू’ म्हटलं तर सरळ भांडण. बेटावरची बाई पाहुण्याला अरे-तुरे करतेय, यातला धक्का मूळ पुस्तकाच्या जवळचा, पण त्यातला थंडपणा जातो. ‘तुम्ही’ म्हटलं तर हॉटेलच्या स्वागतकक्षातली भाषा. ‘तुम्ही इथे सही करा, तुमची खोली तयार आहे.’ ही निवड मला अधिक धारदार वाटते, कारण पाहुणचाराच्याच भाषेत आरोप केला की तो जास्त बोचतो. आणि तिसरा दरवाजा ‘आपण’. आपण कधी आलात? हा आदराचा. आपण जाऊ या, हा सगळ्यांना पोटात घेणारा. मराठीतलं हे सर्वनाम समोरच्याला दूरही ठेवतं आणि कवेतही घेतं.

शेवटाकडे येताना किंकेड नेमकी त्या तिसऱ्या जागी पोहोचते, असं मला वाटतं. मालक मालकी टाकतो, गुलामाची गुलामी सुटते, तेव्हा दोघंही फक्त माणसं उरतात, या अर्थाच्या विचारावर ती थांबते. मी हे पुस्तक मराठीत केलं, तर सुरुवातीला ‘तुम्ही’ वापरेन आणि शेवटच्या पानावर ‘आपण’ येऊ देईन.

किंकेड आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्याला सोडत नाही. प्रत्येक स्थानिक माणूस कुठल्यातरी दुसऱ्या जागेचा संभाव्य पर्यटक असतो, पण बहुतेकांना घर सोडायला पैसे नसतात. हे वाचताना मराठी वाचक कुठे बसतो? तो दोन्हीकडे आहे. तारकर्लीत किंवा कळंगुटला ज्याच्या दारासमोर गाड्यांची रांग लागते तो स्थानिक. आणि रोआटानच्या बसमध्ये स्टिकर लावून बसलेला तोही आपलाच. किंकेडचा पर्यटक बहुतांशी गोरा, उत्तर अमेरिकेतून किंवा युरोपातून आलेला. त्यामुळे तिचा आरोप आपल्याला लागू नाही अशी पळवाट आपण काढू शकतो. पण त्या बसमध्ये आपला स्टिकरही त्याच नंबरचा असतो.

वॉलकॉट: बघण्याची घाई

डेरेक वॉलकॉट सेंट लुशियाचा कवी. ७ डिसेंबर १९९२ रोजी त्याने दिलेलं नोबेल व्याख्यान त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावात सुरू होतं. तिथे भारतीय मजुरांचे वंशज रामलीला करतायत. हे मजूर १८४५पासून उसाच्या मळ्यांवर करारावर आणले गेले होते. वॉलकॉट तिकडे नाटककाराच्या नजरेने बघायला जातो. मग त्याच्या लक्षात येतं की आपण याला नाटक समजत होतो. करणाऱ्यांसाठी ते नाटक नव्हतं, ती श्रद्धा होती. कॅरिबियनमध्ये जन्मलेल्या, तिथल्याच भाषेत वाढलेल्या माणसाला शेजारच्या बेटावरचं गाव वाचता आलं नाही, हे तो स्वतः सांगतो.

याच व्याख्यानात पुढे तो माहितीपत्रकांमधल्या कॅरिबियनवर बोलतो: तोच निळा रंग, तेच स्मितहास्य, बेटाची ओळख विकून विकून पुसट होत जाणारी. मला त्याचं मोठेपण त्याच्या क्रमात दिसतं. आधी स्वतःच्या चुकलेल्या वाचनाबद्दल, नंतर पर्यटकाबद्दल. वॉलकॉटला जे वाचायला आयुष्य अपुरं पडलं ते सहा-सात तासांत वाचता येणार नाही, हे उघड आहे. तरी तो कुटुंबाला ‘येऊ नका’ म्हणत नाही. सावकाश बघा म्हणतो. अडचण एवढीच की सावकाश ही गोष्ट त्या जहाजावर विकत मिळत नाही.

वॉलेस: बोटीवरचा निबंध

क्रूझवरचा सगळ्यात गाजलेला निबंध डेव्हिड फॉस्टर वॉलेसचा. १९९५च्या मार्चमध्ये ‘हार्पर्स’ मासिकाने त्याला एका आठवड्याच्या कॅरिबियन क्रूझवर धाडलं. निबंध १९९६च्या जानेवारीत छापून आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या संग्रहाला त्याने नाव दिलं. तो प्रचंड विनोदी आहे आणि त्याहून जास्त उदास. जहाजावर तुमची प्रत्येक गरज तुम्ही बोलायच्या आत पुरवली जाते. त्यातून माणूस तान्ह्या बाळासारखा होत जातो आणि बाळासारखाच असमाधानी, हे त्याचं मध्यवर्ती सूत्र.

त्यातला एक भाग आजच्या फोनवरच्या वाचकाने मुद्दाम वाचावा. क्रूझ कंपनीच्या माहितीपत्रकात फ्रँक कॉनरॉय या नावाजलेल्या लेखकाचा निबंध होता. आपल्या कुटुंबासोबतच्या क्रूझचं सुरेख वर्णन. तो पैसे घेऊन लिहिलेला होता, पण दिसायला निबंधच होता. वॉलेसचा आक्षेप पैशाला नाही. जाहिरात कलेचा चेहरा घालून आली की खऱ्या कलेवरचाही आपला भरवसा कमी होतो, हा त्याचा आक्षेप. ‘पेड पार्टनरशिप’ हे शब्द बारीक अक्षरांत लिहिणाऱ्या ट्रॅव्हल रील्स यायला तेव्हा दोन दशकं बाकी होती.

पण या निबंधातला एक मोठा खड्डा फारसा कुणी दाखवत नाही. वॉलेस बेटांवर फारसा रमतच नाही. कोझुमेलला इतर प्रवासी खाली उतरतात तेव्हा तो उंच डेकवरून त्यांच्याकडे बघत राहतो आणि आपल्याच देशबांधवांच्या कळपाची त्याला शरम वाटते. म्हणजे जहाजावर लिहिलेल्या या उत्तम निबंधात बेट जवळपास नाहीच. बेटावरची माणसं नाहीत, प्राणी नाहीत. आणि वॉलेस एकटा आहे. त्याच्यासोबत कुटुंब नाही.

तरी एक प्रसंग त्याला सोडून जात नाही. जहाजावर एक नऊ वर्षांची मुलगी त्याच्याशी बुद्धिबळ खेळते आणि त्याला हरवते. सगळ्या निबंधात त्याला पाहुणा म्हणून न वागवणारं, त्याची मर्जी न राखणारं माणूस म्हणजे ही मुलगी. ती त्याच्या नजरेला नजर देते. वॉलेस हे विनोद म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला वाटतं निबंधाचं दार तिथे होतं. ती मुलगी दुसऱ्या दिवशी बेटावर उतरली असेल का? तिने तिथे काय पाहिलं असेल? वॉलेसला हे विचारायचं सुचलं असतं, तर आज आपल्याकडे या विषयावरचा सर्वोत्तम निबंध असता.

माकडवाला आणि स्टिकर

चौघांनी मुलाला का टाळलं, याचं माझं उत्तर सरळ आहे. पर्यटकाचा समाचार घ्यायचा तर तो एकटा, प्रौढ आणि मूर्ख असलेला बरा पडतो. त्याच्या शेजारी आजी आणि सहा वर्षांचा नातू उभा केला की भाषा अडखळते. कारण मग कबूल करावं लागतं की क्रूझ ही सोय आहे. आजीचे गुडघे, मुलाची झोप, आईबाबांची वर्षाकाठची दोन आठवड्यांची रजा, सगळं एका तिकिटात बसतं. भारतातून आलेल्या आजीला नातवाबरोबर बघायला मिळालेला तो एकमेव समुद्र असू शकतो. त्या दिवसातला आनंद खरा असतो. त्याला खोटं ठरवून होणारी समीक्षा आळशी आहे.

पण आनंद खरा आहे म्हणून प्रश्न संपत नाही, उलट तिथून सुरू होतो. आपल्याकडचीच एक गोष्ट घ्या. डुगडुगी वाजवत माकडाचा खेळ करणारा माकडवाला किंवा अस्वल घेऊन येणारा दरवेशी तुमच्या आईबाबांनी गल्लीत पाहिला असेल. तुम्ही बहुधा नाही. १९९८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह यांना खेळासाठी शिकवणं आणि त्यांचे प्रयोग करणं बंद केलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि बंदी टिकली. माकडासाठी ते बरंच झालं. माकडवाल्याचं काय झालं याची आठवण फारशी कुणी ठेवली नाही.

आता हेच मध्यमवर्गीय कुटुंब, ज्याला गल्लीतला माकडवाला क्रूर वाटायचा, ते बेटावर तिकीट काढून माकड खांद्यावर घेतं आणि त्याला ‘वाइल्डलाइफ’ म्हणतं. फरक कुठे आहे? दोरी दिसत नाही, हा एक. दुसरा असा, की माकडवाला गरीब होता, त्याच्या खेळात त्याची गरिबी दिसायची आणि ती आपल्याला बघवत नव्हती. पार्कात गरिबी दिसत नाही, कारण ती भिंतीबाहेर ठेवलेली असते. आपली प्राण्यांविषयीची नीती आपल्या वर्गाच्या चवीशी किती जोडलेली आहे, हे या दोन दृश्यांना शेजारी ठेवलं की कळतं.

आणि फोटोत नसलेला अजून एक माणूस आहे. त्या जहाजावर बशा उचलणारा, खोल्या आवरणारा, स्वयंपाकघरात राबणारा. त्यात गोव्याचे आणि मुंबई-कोकणातले कितीतरी. गोव्यात बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात. तिथल्या कित्येक घरांचं छप्पर त्याच्या पगारातून चढलंय. २०२०च्या टाळेबंदीत असे कर्मचारी मुंबई बंदराबाहेर जहाजांवर अडकून पडले होते, तेव्हा काही दिवस बातम्यांत त्यांचा चेहरा दिसला. कुटुंब माकड बघायला जातं तेव्हा सुट्टीचे दोन तास मिळाले तर तारवटी धक्क्यावर वायफाय शोधतो आणि घरी व्हिडिओ कॉल लावतो. त्याचाही मुलगा सहा वर्षांचा असू शकतो. बेटाचा त्याचा निबंध अजून लिहिला गेलेला नाही. तो मराठीत किंवा कोकणीत आला, तर वॉलेसचा खड्डा भरून निघेल.

अंतर

मग मुलाला न्यायचंच नाही का? प्रकार वाईट म्हणजे त्यातली प्रत्येक कृती वाईट, असं समीक्षक म्हणत नाही. प्रकारात बदल करता येतो. बार्बाडोसच्या वन्यजीव राखीव क्षेत्रात हिरवी माकडं आहेत. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतून जहाजांमधून आले, म्हणजे तीही मूळची तिथली नाहीत. पण ती मोकळी असतात. दुपारी खाण्याच्या वेळेला येतात, खातात, आणि शेजारच्या जंगलात परत जातात. खांदा लागत नाही. फोटो लांबून येतो, थोडा हललेला. कुटुंबाला वाट बघावी लागते आणि कधीकधी माकडं मनासारखी जवळ येत नाहीत. वाट बघणं हा त्या सहलीचा भाग होतो. २०१६ साली ट्रिपअ‍ॅडव्हायझरने बंदिस्त वन्यप्राण्यांना हात लावायला देणाऱ्या ठिकाणांची तिकिटं विकणं थांबवलं, तेव्हा तेही हेच सांगत होते: बघणं आणि धरणं वेगळं आहे.

या फरकासाठी मराठी मुलाला वेगळं तत्त्वज्ञान शिकवावं लागत नाही. त्याच्या भाषेत ते आहे. चिऊताई, कोल्होबा, माकडदादा. गोष्टीतल्या प्रत्येक प्राण्याला आपण नातं लावतो, आणि नात्याबरोबर मानही देतो. वाघाला तर वाघोबा म्हणतो, आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात वारली लोक त्याचं ठाणं मांडून त्याला पुजतात. त्याच्याशी नातं आहे म्हणून त्याच्यापासून लांब राहायचं. जवळीक आणि अंतर एकाच शब्दात, ‘आपण’सारखं.

मुलं प्रश्न विचारतात. पार्कातून बसकडे चालताना एखादं मूल विचारेल, हे माकड इथलंच आहे का? गाइडला घाई असेल, बाबांना घड्याळ दिसत असेल. तरी बसमधल्या वीस मिनिटांत उत्तर देता येतं. नाही रे, ते पलीकडच्या किनाऱ्यावरच्या जंगलातलं. इथले प्राणी वेगळे, ते लपून बसतात. इथे राहणारी काही माणसंसुद्धा जहाजातून आणून सोडलेली, आणि ती आता इथलीच झाली. आपल्या जेवणाच्या टेबलावर ताटं आणणारे काका गोव्याचे, त्यांनाही आज विचारू की त्यांनी काय पाहिलं.

बर्जर, किंकेड, वॉलकॉट आणि वॉलेस यांचं सार या चार वाक्यांत आलं आहे, आणि ते सहा वर्षांच्या मुलाला कळतं. बहुधा त्यानंतर तो आणखी एक प्रश्न विचारेल, ज्याचं उत्तर आईबाबांकडे नसेल. तो प्रश्न सुट्टी संपल्यावरही घरात राहिला, तर ती सहल वाया गेली असं मी म्हणणार नाही.